आत्याचा हात

खोटं सांगून त्या पोहायला शिकवणाऱ्या बाईला काय मिळणार? उलट तिचंच नाव खराब होईल. तरी तिने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. म्हणून मी खरं मानतो.

शनिवारची दुपार होती. छताखालचा तलाव. बाकीची मुलं कपडे बदलायला पळाली होती. उथळ पाण्यात दोघीच उरल्या. ती, आणि तिच्या दादाची मुलगी चिमणी.

चिमणी एकदा हौदात पडली होती. तेव्हापासून ती भरलेल्या बादलीलाही भ्यायची.

"तुझ्या भरवशावर पाठवतोय," दादा म्हणाला होता. "तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

तरंगायला शिकवायची आत्याची एक युक्ती होती. मुलाला पाण्यावर उताणं निजवायचं, पाठीखाली तळवा धरायचा आणि गप्पा मारता मारता हळूच काढून घ्यायचा. पोराला पत्ताच लागत नाही.

"आत्या, हात काढू नकोस हं!"

"नाही गं बाई."

काढला.

आणि चिमणी तरंगली! आत्याला आनंदाने नाचावंसं वाटलं. तिने दोन्ही हात वर करून दाखवले.

"बघ, कधीच काढलाय!"

चिमणी खुदकन हसली. "थापाडी! आहे की खाली... गार गार."

कार्टी चेष्टा करतेय, आत्याला वाटलं. मग संशय गेला जीवरक्षकावर. पाण्याखालून येऊन मुलांना गुदगुल्या करायची त्याला भारी खोड. पण तो काठावरच्या खुर्चीत चहा पीत होता. कपडे कोरडे ठणठणीत.

"माझ्याकडे काय बघताय मॅडम? मी सकाळपासून पाण्याला शिवलो नाहीये."

मग...

चिमणी सरकायला लागली. हात हलत नव्हते. पाय हलत नव्हते.

खोल भागाकडे.

"आत्या, ढकलू नकोस ना..."

आत्याने झेप घेतली. चिमणीच्या पाठीखाली हात घातला.

पाठ लागलीच नाही.

आधी बोटं लागली... मोठ्या माणसाची.

तिने जीव खाऊन चिमणीला ओढलं. क्षणभर कुणीतरी सोडेना. मग सुटली.

"पाणी मानवत नाही तिला," चिमणीला घरी सोडताना तिने दादाला एवढंच सांगितलं.

"अगं, आता कुठे भीती गेली होती!" दादा वैतागला. खरं सांगायला आत्याची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे जेवणानंतर चिमणी पलंगावर उताणी पडली होती. डोळे मिटलेले.

"आत्या... काढ ना हात आता. गार लागतोय."

आत्या दारात उभी होती.

तिने धावत जाऊन चिमणीला उचललं. चादर मधोमध ओली होती.

क्लास तिने बंद केला. चिमणी तिच्याकडे राहायला येते, अजूनही उताणीच झोपते. आत्या तिला खांद्याला धरून कुशीवर वळवते.

पाठीखाली हात घालायची तिची हिंमत होत नाही.