शून्य नंबर

"यंत्र शून्य म्हणतंय, सगुणाबाई. म्हणजे दोष डोळ्यांत नाही, मनात आहे," डॉक्टर बेडेकर म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावण्यासाठी त्यांनी घंटी वाजवलीसुद्धा.

देवखाडी बंदराच्या नेत्रकेंद्रात डोळे तपासणाऱ्या हेमांगी टिपणीसच्या अंगाची लाही लाही झाली. समोरची सगुणा तांडेल उंच क्रेनवर बसून जहाजातले कंटेनर उतरवणारी बाई. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून तिच्या डोळ्यांत 'स्वजुळी' भिंगं बसवली होती. जवळचं-लांबचं पाहताना ही भिंगं आपला आकार आपणच बदलत. बंदराने ती कामगारांना फुकट दिली होती, त्यामुळे कुरकुर करणारा कृतघ्न ठरायचा.

"सायेब, मना वरून कंटेनरच्या कडा दिसत नाय," सगुणाबाई जागची हलली नाही. "खाली मानसां उभी असतान. कोन चेंगरला तं?"

"सोमवारी क्रेनवर हजर व्हा. नाहीतर कामचुकार म्हणून घरी बसाल."

हेमांगीने तिला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं आणि कपाटातून जुना झोतदर्शी काढला. साध्या प्रकाशाची पट्टी डोळ्यात टाकायची, बाहुलीतली लकाकी कुठे सरकते ते बघायचं आणि ती स्थिरावेपर्यंत समोर काचा बदलायच्या. आपोआप नंबर काढणारं नेत्रांकमापक यंत्र आल्यापासून याला कुणी हात लावत नव्हतं. झोत उजवीकडे नेला की लकाकी डावीकडे पळत होती. हिशेब स्वच्छ होता: उणे दोन, म्हणजे लांबचं धूसर. तिने सगुणाबाईला पुन्हा यंत्रावर बसवलं. शून्य. पुन्हा झोतदर्शी. उणे दोन. डोळा तोच, बाई तीच. बदलत होता तो फक्त प्रकाश.

हेमांगी तशीच बेडेकरांच्या खोलीत शिरली. सगुणाबाई दारात उभी राहिली.

"सर, किती फुगायचं ते स्वजुळी भिंगाला कळतं कसं?"

"त्याच्या काठावर बारीक अवरक्त दिवा असतो. त्याचा न दिसणारा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरून परत येतो, त्यावरून भिंग आकार ठरवतं. हे मीच शिकवलंय तुम्हाला."

"आणि तो दिवा विझला तर?"

"भिंग विसावतं. हातभर अंतरावरचं तेवढं नीट दिसतं. पण दिवे विझलेले नाहीत. यंत्राने दाखवलं असतं."

"यंत्र कुठल्या प्रकाशाने मोजतं, सर?"

"अवरक्त. पण आपण नुसत्या आकड्यावर जात नाही, अक्षरांचा तक्ताही वाचून घेतो."

"कुठे वाचून घेतो? वेळ वाचावा म्हणून तो तक्ता आपण यंत्राच्या आतच बसवलाय, काचांमधून लांबचा भासेल असा. हनुवटी टेकलेली, यंत्राचा दिवा चालू. मेलेल्या भिंगाला यंत्र आपला प्रकाश उसना देतं आणि वर पास करून मोकळं होतं. हनुवटी उचलली की या माणसांना पुन्हा धूसर. आणि आपण त्यांना खोटारडं ठरवतो. लाज वाटायला हवी आपल्याला."

"जरा जपून बोला," बेडेकर तडकले. या भिंगांना मान्यता देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. "माझ्याही डोळ्यांत हीच भिंगं आहेत. सगुणाबाईंच्याच वर्षी बसवलेली. मला उत्तम दिसतं."

"तुम्ही दिवसभर टेबलाशी बसता. गाडी आपली आपण चालते. हातभरापलीकडचं बघायची वेळ तुमच्यावर येते कधी?"

बेडेकर ताडकन उठले, खोलीतल्या यंत्रापुढे बसले आणि हनुवटी टेकवली. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली: शून्य. तक्त्याची सर्वांत खालची ओळ त्यांनी न अडखळता, जरा जास्तच मोठ्याने वाचली.

"हलू नका," हेमांगी म्हणाली आणि यंत्राच्या अवरक्त दिव्यावर तिने अंगठा दाबून धरला. तक्ता होता तसाच उजळलेला होता. "आता वाचा."

बेडेकर वाचेनात. त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले, चष्मा नसतानाही नाकावर बोट फिरवलं.

"यंत्रात काहीतरी बिघाड आहे," ते शेवटी म्हणाले. "अक्षरं पुसल्यासारखी झालीत."

सगुणाबाई पुढे आली. तिने चिठ्ठी उचलली, हातभर अंतरावर धरली आणि सावकाश वाचली.

"शून्य हाय, सायेब. मंग दोष मनात असंल."

बेडेकर खिडकीपाशी गेले. पलीकडे बंदरावर क्रेन उभ्या होत्या, त्या त्यांना रोज दिसत. इतक्या दिवसांत त्या हलताना कधी दिसल्या नव्हत्या, हे आज पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं.

"बाकीच्या क्रेनवर..." ते हेमांगीकडे वळले. "त्या सगळ्यांना आपणच भिंगं बसवलीत ना? आता चालू आहेत का त्या?"

"चालू आहेत, सर," हेमांगी म्हणाली. "खाली माणसं आहेत. आधी त्या थांबवा, मग तुमचा नंबर काढू."

बेडेकरांनी फोन उचलला. त्यावरचे आकडे मात्र त्यांना अगदी स्वच्छ दिसत होते.