उलटं बसलेलं गॅस्केट

गॅरेजच्या दारातच ट्रकनं मान टाकली. बॉनेटमधून भसाभसा वाफ, खाली पाण्याचं थारोळं... आणि वर स्टिअरिंगवर ती, घामाघूम.

“दादा, बघता का जरा?”

मिस्त्रीनं इंजिनातलं ऑइल बोटावर घेतलं. पार चहासारखं दुधाळ झालं होतं. “हेड गॅस्केट गेलंय. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. सगळं उघडावं लागेल.” मग घुटमळला. “आणि... दादा नका म्हणू.”

“का हो?”

“उगाच.”

आत कुणीतरी मुद्दाम खोकलं. ती आत्या. गॅरेज तिचं, मिस्त्री तिचा भाचा. तोंडाचा पट्टा सगळा आत्याकडे, भाच्याच्या वाट्याला नुसते हात! पण हात असे, की एकदा बंद केलेलं इंजिन त्यानं पुन्हा उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ट्रक चालवणाऱ्या पोरीच्या बाबांचा, तिच्याहून वयानं मोठा. हमरस्ता बंद होता म्हणून ती या आडवाटेला लागली, एरवी इकडे कशाला फिरकतेय! मुक्काम आत्याकडेच पडला. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, सपाट करायला मशीनवाल्याकडे गेलं, तोवर ती मिस्त्रीबरोबर त्याच्याखाली चिकटलेली जुनी पट्टी, म्हणजे गॅस्केट, खरवडत बसली.

“तुमच्या नाकाला ग्रीस लागलंय,” तो म्हणाला.

“मग पुसा ना.”

त्यानं फडकं उचललं... आणि तिच्याच हातात दिलं. काय म्हणावं या माणसाला! पण खरं सांगायचं तर ती तिथंच विरघळली.

हेड परत आलं. मिस्त्रीनं नवं गॅस्केट हातात घेतलं. “संध्याकाळी गाडी चालू. सुटलात तुम्ही.”

“सुटले,” ती हसून म्हणाली, आणि आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला लागली.

तो त्या हसण्याकडे बघत राहिला आणि गॅस्केट बसवून मोकळा झाला. ‘वरची बाजू’ असा शिक्का होता, ती बाजू गेली खाली! ऑइल वर चढायचं भोकच झाकलं गेलं. तिला लख्ख दिसलं. सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. आता सांगितलं तर संध्याकाळी निघायचं. बोल्ट आवळल्यावर सांगितलं, तर दाबलेलं गॅस्केट वाया, नवं येईपर्यंत अजून एक दिवस! सुरू करायच्या आधी सांगू की, तिनं मनाला समजावलं.

हेड चढलं. बोल्ट मधल्यापासून सुरू करून आळीपाळीनं बाहेर आवळायचे. ती क्रम सांगत होती, तो पाना ओढत होता. पाना ‘टक्’ वाजला की दोघं एकमेकांकडे बघायचे — आणि पुढच्या बोल्टकडे वळायचे.

शेवटी तो केबिनमध्ये चढला. हात चावीवर गेला.

“थांबा! गॅस्केट उलटं बसलंय. मी बघितलं होतं... बोलले नाही.” तिचे डोळे भरून आले. बाबांच्या ट्रकची माती केली असती तिनं.

“माहितेय,” तो म्हणाला.

“काय?”

“हेड टेकवतानाच दिसलं मला.”

“आणि तरी चावी फिरवत होतात? इंजिन जाम झालं असतं की!”

“कसं होईल? बॅटरीची वायर कुठं जोडलीय मी? चालूच होत नाही, असं सांगणार होतो.”

तिनं वाकून बघितलं. वायर खरंच लोंबकळत होती.

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही का नाही बोललात?”

“आधी मी विचारलंय!”

त्यानं चावीवरचा हात काढला. “बरोबर बसवलं असतं तर... तुम्ही गेला असता. जाऊ नये असं वाटतं. आवडता तुम्ही मला. खूप.”

“अगं बाई, बोलला!” आत्या दारातच उभी होती. “एक गॅस्केट गेलं, पण पोराला वाचा फुटली!”

तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र केबिनच्या पायरीवर चढली.

“उद्या पुन्हा उघडावं लागेल. लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवू देत.”

तिनं फडकं घेतलं आणि त्याच्या गालावरचं ग्रीस हळूच पुसलं... असं पुसायचं असतं, राजा!

“उद्या नीट बसवा हं. आणि परवा माझ्याबरोबर चला. बाबांना दाखवायचंय, इंजिन कुणी उघडलं ते.”

“काय सांगणार त्यांना?”

“सगळं,” ती म्हणाली. “फक्त दादा नाही म्हणणार.”