अब्बांची अक्षरं

१९९९ साली सांगलीच्या गावभागात, जिन्याखालच्या एका खोलीत बसून मी एकटी वेबसाइट बनवायचे. आटपाडीच्या डाळिंबवाल्यांचं काम आलं. संगणकातले मराठी फॉन्ट म्हणजे थेट लग्नपत्रिका. शीर्षकाला ते नको होते. नजर कुठं थांबावी हे अक्षराच्या जाडीवर आणि भोवतीच्या मोकळ्या जागेवर ठरतं. हे मला अब्बांनी शिकवलं. आटपाडीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या यासीन पेंटरनं, म्हणजे त्यांनीच, रंगवलेल्या. फेब्रुवारीत ते गेले. त्यांचा हात तरी राहावा म्हणून मी त्यांच्याच अक्षरांचा फॉन्ट करायचं ठरवलं.

पाट्यांचे फोटो काढून आणले. स्कॅन करायचं, एकेक अक्षर उचलायचं, मागची पाटी पुसायची आणि अक्षर त्याच्या चौकटीत बसवायचं. पहिल्या दिवशी पाच बसली.

दुसऱ्या दिवशी आटपाडीहून सायकल दुकानवाल्या बिराप्पांचा फोन आला. "ताहेरा, माज्या पाटीवरचा 'स' गेला बग."

"कुणीतरी पुसला असेल, काका."

"न्हाई गं. खरवडल्याली खूणबी न्हाई. तितं कवा काय लिवलंच नव्हतं, असं दिसतंय."

'स' मी आदल्याच दिवशी त्यांच्याच पाटीच्या फोटोतून उचलला होता. योगायोग होतात, हे मला मान्य आहे. म्हणून खात्री करायला पिठाच्या गिरणीच्या पाटीवरचा 'ग' उचलला आणि बिराप्पांना बघायला पाठवलं. 'ग' गेला होता.

मी काम बंद केलं. अब्बांचा हात जपायला निघाले होते आणि मीच तो गावातून पुसत होते. त्या दिवशी मी खूप रडले.

चार दिवसांनी फाइल उघडली. सहाच्या जागी एकेचाळीस चौकटी भरलेल्या होत्या. माझ्या संगणकाला दुसरं कुणी हात लावत नाही.

बिराप्पांना फोन केला.

"समद्या पाट्या कोऱ्या झाल्यात," ते म्हणाले. "तुज्या अब्बांच्या तेवड्याच."

भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला सोबत झाल्यासारखं वाटलं.

एकच चौकट रिकामी होती, 'ज्ञ'ची. ते अक्षर आटपाडीतल्या एकाही पाटीवर नव्हतं.

मी बघत असतानाच तिथं रेघ उमटू लागली. सावकाश. शेवटच्या वर्षी अब्बांचा हात कापायचा, तशी कापत.

"अब्बा," मी म्हटलं.

रेघ अर्ध्यावर थांबली.