दुसरी हाक

कियोनोबाईंची बस साडेबाराला येणार होती, तरी नाओए बारालाच थांब्यावर जाऊन उभी राहिली. सासू ओसाकाहून यायची म्हणजे एवढी खबरदारी घ्यावीच लागते. बस चुकून लवकर आली असती आणि सून समोर दिसली नसती, तर ती गोष्ट पुढची दहा वर्षं प्रत्येक फोनवर ऐकावी लागली असती.

शहाऐंशी वर्षांच्या कियोनोबाई ड्रायव्हरचा हात झिडकारून एकट्या खाली उतरल्या. सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "बारीक झालीस. ह्या डोंगरात खायला मिळत नाही, की मला दाखवायला उपास धरलेस?"

नाओए हसली. टोमणा नेहमीचाच होता आणि त्यामुळे तिला जरा धीर आला.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण सासूबाईंनी हिनोसावाच्या घळीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पानं लाल झाली की इथे तोक्योहून माणसं येतात, पुलावर रांगा लावून फोटो काढतात, हिरव्या पाण्याकडे बघत तासन्‌तास बसतात. कियोनोबाईंच्या लेखी ती घळ म्हणजे दगड आणि पाणी, आणि त्या दगडपाण्याने त्यांचा एकुलता एक मुलगा पळवला होता. तेइजी खालच्या वीजकेंद्रात नोकरीला म्हणून आला, नाओएशी लग्न करून इथलाच झाला, आणि सात वर्षांपूर्वीच्या शरदात नाओएबरोबर अळंबी गोळा करायला गेला तो परत आलाच नाही. पलीकडच्या काठावर एका खडकावर त्याची टोपली सापडली. अळंबी नीट निवडून ठेवलेली होती. तो मात्र सापडला नाही.

सात वर्षं झाली की कोर्टात अर्ज करता येतो आणि माणूस मेला असं कागदावर ठरतं. नाओएने तसं पत्राने विचारलं होतं. सासूबाईंनी उलट कळवलं, आधी मला ती जागा बघू दे.

जागा दाखवायची एवढंच असतं तर ठीक होतं. पण नाओएकडे सांगण्यासारखी एक गोष्ट होती, जी तिने पोलिसांना सांगितली नव्हती, शोधायला गेलेल्या माणसांना नाही, कुणालाच नाही. पत्र आल्यापासून ती रोज स्वतःला बजावत होती, की आता सांगायचं. त्याच्या आईला कळायला हवं. आणि रोज ते उद्यावर ढकलत होती.

होडी गेन्पाचीमामांची होती. नाओएच्या आईचे हे चुलतभाऊ, साठ वर्षं बांबूने होडी ढकलत आले होते. प्रवाशांची शेवटची खेप दोनला संपली आणि त्यांनी ह्या दोघींना बसवलं. घळीत तीन वाजताच ऊन जातं, वर आकाश उजळ असलं तरी खाली दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. म्हणून मामांनी आधीच सांगून ठेवलं, की तिथे फार वेळ बसायचं नाही. कियोनोबाईंनी त्यांना घरच्या लोणच्याचा डबा दिला आणि वर ऐकवलं, की तुमच्या इथलं लोणचं नुसतं खारट असतं, मुलगा सांगायचा.

कडे जवळ येत गेले तसा पाण्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, मग नुसती एक गंभीर घुमणूक उरली. ओल्या पानांचा आणि शेवाळाचा वास दाटून आला.  कियोनोबाईंनी मान वर करून एकदा दोन्ही बाजूंचे कडे पाहिले आणि मग पाण्यावरून नजर काढलीच नाही.

पांढऱ्या गोट्यांच्या काठाला होडी लागली. समोर पलीकडे तो खडक होता. कियोनोबाईंनी उदबत्ती लावली, पिशवीतून गोड सारणाचा पाव काढला, मोडून अर्धा दगडावर ठेवला आणि अर्धा आपल्या मांडीवर. लहानपणी तेइजी पूर्ण पाव कधी खायचा नाही, अर्धा आईला द्यायचा. हात जोडून झाल्यावर त्या उभ्या राहिल्या, आणि बाजारात चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईच्या खणखणीत आवाजात त्यांनी पलीकडे हाक मारली.

"तेइजी."

कड्यांनी ती हाक उचलली, वळणापर्यंत नेली आणि तिथे सोडून दिली.

गेन्पाचीमामांच्या हातातला बांबू होडीच्या काठावर आपटला. "ताई, पुन्हा मारा हाक," ते हळू आवाजात म्हणाले. "लगेच मारा."

"का?"

मामांना सांगणं जड गेलं, पण त्यांनी सांगितलं. घळीत पाण्याजवळ माणसाने माणसाला हाक मारायची ती दोनदा, जोडून, मध्ये श्वास न घेता. एकदाच आलेली हाक माणसाची नसते. तिला ओ द्यायची नाही, मानसुद्धा वळवायची नाही. मग ती कुणाची असते, हे कुणी सांगत नाही. विचारलं की इथल्या म्हाताऱ्या भाजी चिरायला लागतात. पोर चालायला लागलं की पहिलं हेच त्याच्या कानावर घालतात. नाओएला तर आपण हे कधी शिकलो तेही आठवत नव्हतं. श्वास घ्यायला कधी शिकलो हे कुठे आठवतं?

कियोनोबाईंना हसू आलं. सगळं गाव बहिरं आहे की काय, असं काहीतरी त्या म्हणायला गेल्या, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

"म्हणजे एका हाकेला इथे कुणी ओ देत नाही," त्या म्हणाल्या.

मामांनी मान हलवली.

"तेइजी एकदाच हाक मारायचा." आता त्या मामांशी बोलत नव्हत्या. "दुकानाच्या मागच्या खोलीतून 'आई' म्हणायचा, आणि मी हातातलं टाकून 'ओ' म्हणायचे. गिऱ्हाईक उभं असलं तरी. दुसरी हाक मारायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही." त्या सुनेकडे वळल्या. "नाओए... त्या दिवशी त्याने तुला हाक मारली होती?"

नाओएने सात वर्षं ह्या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार केली होती. 

"मारली होती, आई. एकदा."

मग ती तिथेच गोट्यांवर बसली आणि सांगू लागली. ती अलीकडच्या काठावर पाइनच्या झाडांखाली होती. ऊन नुकतंच गेलं होतं. तेव्हा हाक आली. आवाज त्याचाच होता, शंका घ्यायला जागा नव्हती. पण हाक एकच होती. ती अळंबी खुडायला वाकलेली होती तशीच राहिली आणि दुसरीची वाट बघत बसली. दुसरी आली नाही तेव्हा तिने दात आवळले आणि कानांवर हात ठेवले. बावीस वर्षं इथे राहून तेइजीला ही रीत माहीत होती, तो तिची थट्टाही करायचा. पण जिवावर बेततं तेव्हा माणूस मोठेपणी शिकलेलं विसरतो आणि आईजवळ शिकलेलंच करतो. हे तिला नंतर कळलं. अर्ध्या तासाने तिने हाका मारायला सुरुवात केली, दोन-दोनदा, घसा बसेपर्यंत. शोधायला आलेल्यांपैकी एकजण सहज म्हणून गेला होता, की पाण्यावरची फांदी मोडलेली दिसते, बराच वेळ धरून राहिला असणार.

सासूबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, हातही उगारला नाही. नाओएने ह्या सगळ्याची तयारी ठेवली होती आणि त्यातलं काही झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. ऊन केव्हा गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्यावरून गार वारा आला आणि त्यात अळंबीचा ओलसर, मातकट वास होता.

"नाओए."

वळणाच्या पलीकडून आली. किंचित घोगरी, शेवटाला जराशी उचललेली, ओसाकाची माणसं बोलतात तशी. एकदाच.

मामांनी हळूच पाठ फिरवली आणि बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरला. नाओएचं तोंड उघडलं. तिला ओ द्यायची होती. ह्या एका ओसाठी ती सात वर्षं झोपेतून दचकून उठत होती. पण त्रेपन्न वर्षांचं वळण असं एका दुपारी सुटत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तरी तोंडातून शब्द निघेना.

कियोनोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्याच म्हणाल्या, अगदी घरातल्या आवाजात, "ओ. मी आहे रे इथे. ये..."

पाण्याची घुमणूक तेवढी चालू राहिली. पलीकडे काही हललं नाही. उदबत्ती मात्र अर्ध्यावर विझली होती.

परतीला होडी पाण्याच्या ओढीनेच जाते, बांबू नुसता टेकवावा लागतो. त्या दिवशी मामांना धाप लागली. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. कियोनोबाई बाकावर एका कडेला सरकून बसल्या होत्या आणि त्यांचा एक हात शेजारच्या मोकळ्या जागेवर होता.

रात्री मुक्कामाला थांबायचं ठरलं होतं, पण त्यांनी साडेचारचीच बस धरली. थांब्यावर नाओएने कंबरेत वाकून माफी मागितली आणि वाकलेलीच राहिली. कियोनोबाईंनी तिला खांद्याला धरून सरळ केलं.

"कागदाचं तुझं तू बघ, मला त्यात घालू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि तुझं काय चुकलं? तुला शिकवलं तसं तू केलंस. मीच त्याला अर्धवट शिकवलं."

बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी असूनही त्या अलीकडच्या जागेवर बसल्या.

त्या हिवाळ्यात सासूबाईंचे फोन दर आठवड्याला येऊ लागले. बर्फ किती पडलं, मुळे कसे आलेत, अंगावर गरम घालतेस ना. एकही टोमणा नाही. एकोणतीस वर्षांत नाओएला सासूची अशी भीती कधी वाटली नव्हती. ती कोर्टाचा कागद काढायची, टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी परत खणात टाकायची. फेब्रुवारीत कियोनोबाई झोपेतच गेल्या. चेहरा समाधानी होता, असं सगळे म्हणाले. नाओए ओसाकाला जाऊन सगळं करून आली.

मार्चमधली सकाळ होती. बर्फ वितळायला लागलं होतं. नाओए स्वयंपाकघरात बसून मुळ्याच्या फोडी दोऱ्यात ओवत होती, आणि नदीकडच्या वाटेवरून कुणीतरी हाक मारली. "नाओए, नाओए." जोडून, नीट, घळीतली माणसं मारतात तशी. तिने मान वर न करताच "ओ, आले" म्हटलं, हात पुसले, पुढचं दार सरकवलं आणि बाहेर आली. वाटेवर कुणी नव्हतं. गेन्पाचीमामा जाता जाता हाक मारून पुढे गेले असतील असं वाटून ती धक्क्यापर्यंत उतरली. होडी अजून हिवाळ्याच्या ताडपत्रीखालीच होती आणि त्यावरच्या बर्फाला कुणी हात लावलेला नव्हता. ती परत निघाली. घराजवळ आली तर आत फोन वाजत होता. मागचं दार जवळ पडलं म्हणून त्या बाजूने ती धावत आत शिरली.

फोन ओसाकाच्या हामानाबाईंचा होता, सासूबाईंच्या शेजारणीचा. घर रिकामं करायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं. कपाटं, भांडी, देव्हारा असं सगळं विचारून झालं तरी त्या फोन ठेवेनात.

"सांगू की नको असं झालंय," त्या अखेर म्हणाल्या. "आमची भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. शेवटचे तीन महिने त्या रोज दुपारी तीनला कुणाला तरी शिकवायच्या. लहान मुलाकडून पाढे घोकून घेतात ना, तसं. 'असं नाही, पुन्हा म्हण. दोनदा म्हण रे तेइजी, मध्ये थांबू नकोस. एकदाच म्हणालास तर ती यायची नाही.' आम्हाला वाटलं, वय झालं, भ्रम झाला असेल. जायच्या आदल्या दिवशी मात्र फार खुशीत होत्या. 'जमलं,' म्हणाल्या. 'आता जा तिच्याकडे.' तुम्हाला ह्यातलं काही कळतंय का?"

"नाही," नाओए म्हणाली.

तिने फोन ठेवला. तिला आधी वाटलं ते एवढंच, की अखेर आपण ओ दिली. छातीत सात वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं होतं आणि तिला खरोखर हलकं वाटलं. मग दुसरा विचार आला. आईने हे मुलासाठी केलं, की सुनेसाठी? माफ केलं म्हणून, की केलं नाही म्हणून? त्या आता असत्या तर तिने विचारलं असतं, आणि त्यांनी सांगितलं नसतं.

घरात मुळ्याचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, ओलसर, मातकट. नाओएने पुढच्या दाराकडे पाहिलं. हाकेला धावताना तिने ते सताड उघडं टाकलं होतं. आता ते बंद होतं, आणि आतली कडी लावलेली होती.