दोन बोटांची टाच

कुबडी चिखलात रुतली, आणि मीही रुतले. ओढावी तर तोल जाणार, सोडावी तर… उभी कशाच्या आधारावर राहणार? माझी आत्या मागे पाण्याच्या रांगेत. तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या शेडमधून एक जण धावत आला. कोपरापर्यंत हात पांढरे, केसांतही प्लास्टर.

"धरा मला."

"तुम्हाला धरलं तर मीही पांढरी होईन."

"मग तुम्ही कुबडी धरा, मी कुबडीला धरतो."

मला हसू फुटलं. सीमा ओलांडताना सुरुंगाने उजवा पाय गुडघ्याखाली नेला, त्यानंतरचं ते पहिलं मोकळं हसू!

निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात तो कृत्रिम पाय बनवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. माझा पायही त्यानेच घडवायला घेतला. माप घेताना नजर टेपवर, पण टेप गुंडाळता गुंडाळता हळूच वर यायची… आणि आत्याच्या तावडीतून काय सुटतंय?

"माप पायाचंच घेतोयस ना रे?"

"हो, आत्या."

"मग तिच्या डोळ्यांत काय हरवलंय तुझं?"

त्याचे कान लालेलाल. मनातलं मात्र तो बोलत नव्हता. दवाखान्याचा नियमच होता – ज्याच्यावर उपचार करायचे, त्याच्यात मन गुंतवायचं नाही. मीही कधीकाळी तो पाळलेला. माझ्या देशात मी बाळंतपणं करणारी सिस्टर होते.

आणि पुन्हा तेच व्हायचं होतं मला. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "टेकडीवरच्या तंबूंपर्यंत गाडी जात नाही. बॅग घेऊन, कुबडीशिवाय चढून दाखवा. चढलात, तर नेमणूक तुमची."

पाय तयार झाला त्या सकाळी मी पिशवीतून माझे बूट काढले. काळे, दोन बोटं उंच टाचेचे. घर सोडताना भांडीकुंडी टाकली, हे नाही टाकले. बूट चढवून उभी राहिले – आणि गुडघा पुढे कोसळला! आत्याने पकडलं म्हणून वाचले.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "टाच! मी पाऊल सपाट चपलेच्या हिशेबाने बसवलंय. टाच वाढली की सगळा पाय पुढे कलतो. छावणीत सगळे चपलाच घालतात, म्हणून मी…"

"म्हणून विचारलंच नाहीत."

"नाही विचारलं," तो खाली बघत म्हणाला.

"मिस्त्री, हे बूट घालून मी पोरांना जगात आणलंय. तंबूत राहायला आले म्हणून माझा हुद्दा गेला का?"

त्याने बूट उचलला, बाहीने पुसला – असा, की जणू कुणाचं तान्हं पुसतोय.

"पाय बदलतो," तो म्हणाला. "बूट हेच राहतील."

माझा राग कुठे पळाला, कुणास ठाऊक…

पाऊल नव्याने बसलं. काही दिवस शेडमध्ये सराव केला, आणि मग ती टेकडी. वाट निसरडी, खांद्यावर बॅग. खालून आत्या ओरडत होती, "बघा गं बायांनो, माझी भाची चालली!" अर्ध्या चढावर घसरले. मागून येणाऱ्या मिस्त्रीचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं, पण हात पुढे आला नाही. त्याला ठाऊक होतं – त्याने सावरलं असतं, तर ती चढण माझी राहिली नसती. माझी मी सावरले.

वर डॉक्टरीणबाई उभ्या. "सिस्टर, पलीकडच्या तंबूत एकीला कळा सुरू झाल्यात. जा."

सिस्टर! किती दिवसांनी… मी धावलेच म्हणा ना.

मुलगी झाली. अजून कुठल्याच देशाने आपली म्हटलं नव्हतं तिला, पण तिच्या आवाजाने अख्खी टेकडी दणाणली. बाहेर आले तर मिस्त्री उभा.

"आत्ताच बाईंना सांगून आलो. तुमच्या पायाचं पुढचं काम दुसरा कारागीर बघेल. तुम्ही आता माझ्या पेशंट नाही."

"मग कोण?"

"ते… तुम्ही सांगायचं."

"दया तर नाही ना ही?"

"दया? अहो, मला तर तुमची भीती वाटते!"

मी खळखळून हसले. "चला मग. तंबूंच्या खालच्या ओळीत आणखी एक गरोदर बाई वाट बघतेय. चालता चालता बोलू."

उतरताना मागून आवाज आला, "सिस्टर… जरा हळू. दम लागला."

मी थांबले. पाय गेल्यापासून सारं जग माझ्यासाठी थांबत आलं होतं. आज मी कुणासाठी तरी थांबले होते! उन्हात मान ताठ करून उभी राहिले. तो धापा टाकत जवळ आला, बॅगेकडे हात केला.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "पण बॅग मीच घेणार."