प्रश्न आधी, उत्तर मग

सांगतो, पण मधे प्रश्न विचारू नका. का ते शेवटी कळेल.

त्या रविवारी दुपारी मी टेपरेकॉर्डरचा सैल झालेला पट्टा बदलत बसलो होतो. मी घड्याळजी, बारीक कामाची सवय आहे. चारला मंडळी यायची होती: गणिताचे निवृत्त मास्तर आणि औषधांच्या दुकानातल्या बाई. माझी थोरली बहीण धरून आम्ही चौघं एका गायिका-नटीचे वेडे. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण रेडिओवरच्या तिच्या मुलाखती ताईने कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या, आणि दर रविवारी आम्ही त्यावर तावातावाने बोलायचो.

ताई पक्की काटकसरी. टेप वाया जाऊ नये म्हणून निवेदक प्रश्न विचारू लागला की ती बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवायची. त्यामुळे कॅसेटवर नुसती उत्तरं, आणि दोन उत्तरांमधे खट्ट असा आवाज. प्रश्न मात्र ताईला तोंडपाठ. खट्ट झालं की आम्ही टेप थांबवायचो, ताई दोनदा खाकरून प्रश्न विचारायची, आणि मगच उत्तर ऐकायचं, असा नियम.

पण त्या रविवारी ताई बोलू शकत नव्हती. घशाची शस्त्रक्रिया झाली होती. पंधरा दिवस मौन पाळा, आवाज पूर्ववत होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई शाळेत गाणं शिकवायची; आवाज म्हणजे तिचा जीव. ती मांडीवर पाटी घेऊन बसली होती.

तिसरं खट्ट झालं. मी टेप थांबवली.

"इथे नव्या मुलीबद्दल विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "तिला नाटक कंपनीत घ्याल का, असं."

"मुलगी नाही हो, तो मुलगा होता," औषधवाल्या बाई म्हणाल्या.

ताई पाटीवर लिहायला लागली, पण मला धीर कुठला. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "बाई, आमच्या ताईचा आवाज ठेवून घ्याल का?" आणि टेप सुरू केली.

"घेईन की," नटीचा आवाज आला. "असा आवाज कोण सोडतं?"

सगळे हसलो. ताई हसली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून पाहिली. घसा स्वच्छ होता. "बोला," ते म्हणाले. ताईने तोंड उघडलं, मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही. महिना गेला, दुसरा गेला. शाळेने दुसरी बाई नेमली. बोलाफुलाला गाठ पडली, असं मी स्वतःला समजावत होतो. पण दुकानात हातातले स्क्रू निसटायला लागले, आणि एक जेवण धड जाईना.

शेवटी एका दुपारी ताई झोपलीय असं बघून मी ती कॅसेट लावली. पुढच्या खट्टला थांबवली.

"बाई... तो परत द्याल ना?"

"आत्ताच? छे. अजून पुष्कळ गायचंय मला."

हे उत्तर मी शंभरदा ऐकलं होतं. निवृत्तीबद्दलच्या प्रश्नाचं होतं ते. मला माहीत होतं. तरी टेप बंद करायचं सुचलं नाही.

पुन्हा खट्ट झालं. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात टेपमधून कोणीतरी दोनदा खाकरलं.

"धाकट्या," ताईचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, स्वच्छ. "आता तू विचार... उत्तर मी देते."

मी मागे वळलो. ताई दारात उभी होती. तिने पाटी माझ्यासमोर धरली. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: विचारू नकोस.

मी वायर उपटली. पट्टा काढला, तो आजही माझ्या खिशात आहे, हा बघा. टेपरेकॉर्डर कपाटात ठेवून कुलूप लावलं. मास्तर आणि बाई आता येत नाहीत.

पण रविवारी चार वाजले की कपाटात कोणीतरी दोनदा खाकरतं. मग शांतता, एका प्रश्नाला लागते तेवढीच. ती संपेपर्यंत ताई हातातला खडू घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत बसते.