लग्नाला होईल

बंगळुरात, जयनगरच्या भांड्यांच्या दुकानात मी हॉटपॉट परत करायला उभी होते. लक्ष्मीदेवी आत्यांनी दिवाळीला दिलेला, खोक्यातून बाहेरही न काढलेला.

"बिल इल्ला? आगल्लम्मा," दुकानदारानं मान हलवली. बिलाशिवाय बदलून मिळणार नव्हतं.

"आता आत्यांकडे बिल मागू कशी!" मी मराठीत पुटपुटले.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं, तर एक उंच, सावळा तरुण... आणि त्याच्या हातात अगदी तसंच खोकं.

"मला आमच्या साहेबांनी दिलाय. त्यांच्याकडं तरी बिल कसं मागू?" तो म्हणाला. "असं करू या. आपण दोघं एकमेकांत बदलून घेऊ."

"पण दोन्ही सारखेच आहेत."

"म्हणून तर! कुणाचंच नुकसान नाही बघा."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. आडोशाला म्हणून समोरच्या दर्शिनी हॉटेलात शिरलो, तिथंच उभ्या उभ्या कॉफी घेतली. विराज निपाणीचा, इथं बँकेत होता. मी वाणी, जन्मले बसवनगुडीत, आणि माझं मराठी आई-अप्पांशी, घराच्या उंबरठ्याआतलं. बाहेर बोलताना जीभ अडखळायची. त्या दिवशी मात्र अडखळली नाही.

"आमचे मामा दर दिवाळीला दोन मापं मोठा शर्ट देतात," तो सांगत होता. "वाढत्या अंगाचं पोर म्हणून. बँकेत लागलो, तरी वाढतोयच मी!" त्यानं हात पुढे केले. बाह्या बोटांवर घसरल्या. मी इतकी हसले, की कॉफी हिंदकळली.

"आता तुमचं सांगा."

"सातवीत सायकल मागितली होती. आला डिनर सेट. मग डबे, इडलीपात्र, चादरी... सगळं माळ्यावर. का, तर लग्नाला होईल!"

तो हसता हसता थांबला. "मग तुम्ही काय म्हणायचात?"

"छान आहे म्हणायचे. अजून म्हणते."

"आणि सायकल?"

मी खांदे उडवले. नंतर ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही भेटत राहिलो. कडलेकाई परिषेत, म्हणजे भुईमुगाच्या जत्रेत, शेंगा खात हिंडलो, गांधी बाजारात मी त्याला फुलवाल्या अक्काशी कन्नडमध्ये घासाघीस करायला शिकवलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. तो रस्ता ओलांडताना नकळत माझ्या उजवीकडे यायचा, गाड्यांच्या बाजूला. मला सगळं कळत होतं. तो मात्र काही बोलत नव्हता.

दसऱ्याला त्याच्या बदलीची ऑर्डर आली. हुबळी. दिवाळी झाली की निघायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्यानं मला घराजवळच्या पार्कात बोलावलं. झाडं नुकतीच भिजून निथळत होती. बाकावर बसल्यावर त्यानं खिशातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

चांदीची कुंकवाची डबी.

"आवडली?"

"छान..." शब्द ओठांवर आला, आणि मी तो तिथंच धरला. आज 'छान' म्हटलं, तर ह्याच्याशीही जन्मभर तेच म्हणत राहीन.

"नाही आवडली, विराज."

मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

"आमच्या आईला विचारून घेतली," तो हळूच म्हणाला. "तुलाच विचारणार होतो. पण धीर नाही झाला बघ."

"का?"

"तू काहीतरी मागितलं असतंस... आणि मला द्यायला जमलं नसतं तर?"

"मग आता विचार."

"काय पाहिजे तुला, वाणी?"

"तू," मी म्हणाले. "बंगळुरात असलास तरी, हुबळीत असलास तरी. माझी नोकरी मी बघेन, ती काळजी तू करू नकोस. फक्त तुला काय हवंय ते आज सांग. तुझ्या तोंडून."

त्याचे डोळे हसले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हेच तर... वर्षभर घोकतोय की मी!"

"मग मोठ्यानं म्हण."

"मला तू पाहिजेस," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की फिरायला आलेल्या एक आजी थबकल्या आणि हसून पुढे गेल्या.

त्याचा हात मी हातात घेतला. थंडगार होता.

"उद्या पाडवा. घरी ये. अप्पांशी मी बोलेन."

"आणि मी काय करू?"

"तू स्वल्प घाबरून बस. अप्पांना बरं वाटेल."

"आणि पुढच्या पाडव्याला?"

"पुढच्या पाडव्याला तुला ओवाळीन," मी म्हणाले. "तबकात काय घालायचं, ते मात्र आधी मला विचारायचं."

"विचारीन की," तो म्हणाला. "दरवर्षी विचारीन."